यंत्रकुत्र्याची दोनदा नेमणूक: न्यू यॉर्क पोलिसांच्या डिजिडॉगचं प्रकरण

एप्रिल २०२१. मॅनहॅटनच्या पूर्व भागातल्या एका सरकारी वसाहतीत पोलीस आले होते. एका घरात घरगुती वादातून एक माणूस दार लावून बसला होता, आत एक बाई आणि तिचं मूल होतं. पोलिसांनी त्याला पकडलं, कुणाला इजा झाली नाही. एरवी वर्तमानपत्रात चार ओळींत संपणारी बातमी. पण पोलीस इमारतीबाहेर पडले तेव्हा त्यांच्याबरोबर चार पायांचं, बिनडोक्याचं एक निळं यंत्र टाप टाप पावलं टाकत बाहेर आलं आणि बघ्यांपैकी कुणीतरी फोनवर त्याचं चित्रण केलं. दोन दिवसांत ते लाखो लोकांनी पाहिलं. महिना संपायच्या आत पोलीस दलाने त्या यंत्राचा करारच रद्द केला.

दोन वर्षांनी तेच यंत्र पुन्हा आलं. या वेळी महापौर स्वतः त्याच्या शेजारी उभे होते.

हे प्रकरण मांडताना ‘लोक नव्या तंत्रज्ञानाला घाबरतात’ असा शेरा मारून मोकळं होणं सोपं आहे, आणि पोलिसांनी बराच काळ तेच केलं. माझं मत वेगळं आहे. न्यू यॉर्कच्या लोकांनी यंत्राला विरोध केलाच नाही असं नाही, पण त्यांचे खरे प्रश्न यंत्र कुणाच्या दारात उभं राहतं, ते आणायचं कुणी ठरवलं आणि चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे होते.

पहिली नेमणूक

यंत्राचं मूळ नाव स्पॉट, बनवणारी कंपनी बोस्टन डायनॅमिक्स. वजन साधारण ३२ किलो. चौफेर कॅमेरे, जिने चढण्या-उतरण्याची ताकद, आणि एकदा चार्ज केलं की दीड तासाच्या आसपास काम. ते आपल्या मनाने कुणाला पकडायला जात नाही, लांब उभा असलेला पोलीस हातातल्या टॅबलेटसारख्या रिमोटने त्याला चालवतो. न्यू यॉर्क पोलिसांनी ऑगस्ट २०२० मध्ये ते सुमारे ९४,००० डॉलरच्या करारावर भाड्याने घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं डिजिडॉग.

तो महिना लक्षात ठेवायला हवा. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला होता. तो सगळा उन्हाळा अमेरिकेतली शहरं रस्त्यावर होती. पोलिसांचा पैसा कमी करा, तो शाळा-दवाखान्यांना द्या, ही मागणी न्यू यॉर्कमध्ये जोरात होती. तिथल्या पोलीस दलाचं वर्षाचं अंदाजपत्रक सहा अब्ज डॉलरच्या घरातलं. त्या पैशांपुढे ९४,००० डॉलर म्हणजे चिल्लर. पण लोकांनी हिशेब रकमेचा मांडला नाही. करोनात माणसं मरताहेत, भाडी थकली आहेत आणि पोलिसांना मात्र यंत्रकुत्रा सुचतोय, एवढं त्यांना दिसलं.

सुरुवातीचे काही महिने कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. क्वीन्समध्ये ओलीस धरण्याच्या एका प्रसंगात त्याने आत जेवण पोचवल्याचं पोलीस सांगत. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रॉन्क्समध्ये एका घरात घुसखोरी झाली. हल्लेखोर आत लपले असावेत या अंदाजाने डिजिडॉग आत पाठवला. ते आधीच पळून गेले होते. हेही चित्रण पसरलं. ब्रॉन्क्स आणि क्वीन्सच्या भागातून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून येणाऱ्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी त्यावर जे लिहिलं त्याचा आशय असा: शिक्षण, आरोग्य, घरं यांच्यासाठी या गरीब वस्त्यांत असं जागतिक दर्जाचं तंत्रज्ञान शेवटचं कधी आणलं होतं ते आठवून बघा. पोलिसांनी उत्तर दिलं की ओलीस प्रकरणांत आणि घातक रसायनांच्या ठिकाणी आम्ही १९७०च्या दशकापासून रोबो वापरतोय.

उत्तर खरं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात एका कलाकार गटाने विकत घेतलेल्या स्पॉटच्या पाठीवर रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक बसवली आणि तो इंटरनेटवरून कुणालाही चालवायला दिला. कंपनीने नाराजी व्यक्त केली. पण आज रंग, उद्या काय, ही शंका लोकांच्या डोक्यात बसायची ती बसलीच. सिटी कौन्सिलचे, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाचे, सदस्य बेन कॅलोस यांनी पोलिसांच्या रोबोंवर शस्त्र बसवायला बंदी घालणारं विधेयक मांडलं. कौन्सिलने कराराची कागदपत्रं मागणारं समन्स काढलं. त्यातच एप्रिलमधला वसाहतीचा प्रसंग घडला आणि पोलिसांनी ऑगस्टपर्यंत चालणारा करार मध्येच सोडला. दलाचे उपायुक्त जॉन मिलर यांचं म्हणणं असं की वंश आणि पाळत या विषयांवर वाद घालणाऱ्यांना हे यंत्र आयतं लक्ष्य सापडलं होतं. तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ यांच्या प्रवक्त्याने तर ते अंगावर काटा आणणारं, माणसांना दूर लोटणारं आणि शहराला चुकीचा संदेश देणारं असल्याचं सांगून टाकलं. त्यांच्याच प्रशासनाच्या काळात ते आणलं होतं, ही गोष्ट प्रवक्त्याच्या बोलण्यात आली नाही.

आक्षेप नेमका कशाला

इथे थोडं थांबून बघू. बॉम्ब निकामी करणाऱ्या रोबोविरुद्ध न्यू यॉर्कमध्ये कधी मोर्चा निघाला नाही. आपल्याकडेही नाही. पुण्याच्या दिघीतल्या डीआरडीओच्या संशोधन संस्थेत तयार झालेलं ‘दक्ष’ हे बॉम्बनाशक यंत्र लष्कराकडे गेलं तेव्हा कौतुकाच्याच बातम्या आल्या. संशयित पिशवीजवळ जवानाऐवजी यंत्र जातंय, त्यात भांडायचं काय?

न्यू यॉर्कमध्येच याहून बोलका दाखला घडला. शहराच्या अग्निशमन दलाने २०२२ मध्ये दोन स्पॉट विकत घेतले. १८ एप्रिल २०२३ रोजी लोअर मॅनहॅटनमधल्या अ‍ॅन स्ट्रीटवरचं बहुमजली वाहनतळ कोसळलं. एकाचा जीव गेला. इमारत आणखी ढासळेल या भीतीने अधिकाऱ्यांनी जवानांना बाहेर काढलं आणि ढिगाऱ्यात यंत्रकुत्रा सोडला. त्याच्या कॅमेऱ्यातून आतली स्थिती बाहेर दिसत होती. त्या दिवशी कुणी वंशभेद, पाळत, हुकूमशाही असले शब्द काढले नाहीत.

यंत्र तेच, कॅमेरे तेच, चालही तीच. फरक गणवेशाचा. अग्निशमन दलाकडे लोकांचं जुनं देणं थकलेलं नाही. पोलिसांकडे आहे. न्यू यॉर्कमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांना रस्त्यात अडवून झडती घेण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालली, आणि ज्या रीतीने ती राबवली जात होती ती घटनाबाह्य असल्याचा निकाल संघीय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. सरकारी वसाहतीतल्या माणसाच्या मनात पोलिसांच्या नव्या कॅमेऱ्याबद्दल पहिला विचार काय येईल, हे यावरून कळायला हरकत नाही. होनोलुलूमध्ये पोलिसांनी करोना मदतनिधीतून सुमारे दीड लाख डॉलर खर्चून असाच स्पॉट घेतला आणि बेघरांच्या तंबूंच्या छावणीत ताप मोजायला वापरला. तिथल्या विमानतळावर उतरणाऱ्या पर्यटकांचा ताप त्या कुत्र्याने मोजला नाही.

पोलिसांच्या बाजूचंही एक ठोस उदाहरण द्यायला हवं. मार्च २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या बार्नस्टेबल गावात एक बंदूकधारी घरात दबा धरून बसला होता. राज्य पोलिसांनी रॉस्को नावाचा आपला स्पॉट आत पाठवला. त्या माणसाने त्याच्यावर तीन गोळ्या झाडल्या. त्या जागी माणूस किंवा जिवंत श्वान असता तर काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको. तेव्हा यंत्र निरुपयोगी आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दार लावून बसलेला सशस्त्र माणूस हे त्याचं खरं काम आहे.

दुसरी नेमणूक

जानेवारी २०२२ मध्ये एरिक अ‍ॅडम्स महापौर झाले. ते स्वतः पोलीस दलात बावीस वर्षं काढलेले, कॅप्टन पदापर्यंत गेलेले. ११ एप्रिल २०२३ रोजी टाइम्स स्क्वेअरमध्ये त्यांनी आणि पोलीस आयुक्त कीशांट सीवेल यांनी डिजिडॉग परत आल्याचं जाहीर केलं. जोडीला पळणाऱ्या गाडीवर चिकटणारा जीपीएस ट्रॅकर आणि के-५ नावाचा गस्ती रोबो. थोड्या लोकांच्या ओरडण्यामुळे आधीच्यांनी माघार घेतली, मी तसं करणार नाही, असा महापौरांचा सूर होता.

दोन डिजिडॉगसाठी साडेसात लाख डॉलर. आधीच्या भाड्याच्या आठपट. हा पैसा आला गुन्ह्यांच्या प्रकरणांत जप्त केलेल्या मालमत्तेच्या निधीतून. वरवर पाहता करदात्याच्या खिशाला चाट नाही, उत्तमच. पण शहराच्या अंदाजपत्रकातून पैसा मागितला असता तर कौन्सिलपुढे उभं राहून कारण सांगावं लागलं असतं. जप्तीच्या पैशाला तो जाच नाही. तो निधी पोलिसांच्याच हातातला. संशय घेणाऱ्यांनी बोट ठेवलं ते इथे, आणि माझ्या मते ते सगळ्यात अचूक होतं.

नियमांचं काय? २०२० च्या उन्हाळ्यातच शहराने एक कायदा केला होता, पोस्ट अ‍ॅक्ट या नावाने तो ओळखला जातो. पाळतीचं नवं साधन वापरायच्या ९० दिवस आधी पोलिसांनी त्याचं धोरण आणि परिणाम लिहून जाहीर करायचे, लोकांच्या सूचना घ्यायच्या, अशी त्यात तरतूद आहे. डिजिडॉगसाठी मात्र स्वतंत्र धोरण न लिहिता तो आधीपासून असलेल्या कॅमेऱ्यांच्या धोरणात बसवण्यात आला. चालणारा, जिने चढणारा, बंद दाराआड जाणारा रोबो हा खांबावरच्या कॅमेऱ्याचा भाऊबंद आहे, असा हा युक्तिवाद. पाळतविरोधी संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला. शिवाय या कायद्याला एक मर्यादा मुळातच आहे: पोलिसांनी सांगायचं, लोकांनी बोलायचं, पण नको म्हणण्याचा अधिकार कौन्सिलला नाही. लोकांना बोलायला मिळतं, ठरवायला मिळत नाही.

टाइम्स स्क्वेअरचा पाहुणा

डिजिडॉगवर लोक चिडले. के-५ वर लोक हसले. पोलीस दलाला यातलं काय जास्त झोंबलं असेल कोण जाणे.

न्यू जर्सीहून बसने पोर्ट ऑथॉरिटीला उतरून भुयारी वाटेने ४२व्या रस्त्याच्या सबवेकडे जाणाऱ्या मराठी मंडळींना टाइम्स स्क्वेअर स्टेशन चांगलं ठाऊक असेल. शहरातलं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन, जिन्यांचा आणि बोगद्यांचा नुसता गुंता. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे नाइटस्कोप कंपनीचा के-५ दाखल झाला. माणसाएवढ्या उंचीचं पांढरं, खाली रुंद वर निमुळतं यंत्र, वजन सुमारे १८० किलो, खाली चाकं. काम: मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत गस्त. चित्रण होईल, आवाज टिपला जाणार नाही, चेहरे ओळखणारी प्रणाली वापरली जाणार नाही, असं जाहीर केलं गेलं. अंगावर एक बटण, दाबलं की माणसाशी बोलता येईल.

महापौर खूश होते. भाडं ताशी ९ डॉलरच्या आसपास, म्हणजे शहरातल्या तेव्हाच्या १५ डॉलर किमान वेतनापेक्षाही कमी. शिवाय याला जेवणाची सुट्टी नको, की स्वच्छतागृहात जायला नको, हेही त्यांनी सांगून झालं. फक्त या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. के-५ एकटा फिरत नसे. त्याच्यासोबत कायम एक पोलीस असे, आणि त्या पोलिसाचा पगार ताशी ९ डॉलर नक्कीच नसणार. गुन्हे रोखण्यासाठी आणलेल्या यंत्राला राखण करायला पोलीस लागतो म्हटल्यावर न्यू यॉर्ककरांनी ते सोडलं असतं तरच नवल. त्यात भर म्हणजे त्याला जिना उतरता येत नव्हता. ज्या स्टेशनात फलाट गाठायलाच जिने लागतात, तिथे तो वरच्या सपाट भागातच घुटमळत राही. येणारे-जाणारे त्याच्याबरोबर फोटो काढून पुढे जात.

कंपनी आणि पोलिसांचा युक्तिवाद असा असतो की यंत्राचं नुसतं दिसणंसुद्धा गुन्हेगाराला आवर घालतं. शेतातल्या बुजगावण्याचं तत्त्व. ते खोटं नाही, पण बुजगावणं चालतं ते पाखरांना कळेपर्यंतच. आणि हे यंत्र मुळात कुणाशी जोडलेलं आहे? कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन पार्क शहराच्या एका बागेत २०१९ मध्ये पोलिसांनी हाच के-५ ठेवला होता, अंगावर ‘पोलीस’ अशी अक्षरं रंगवून. बागेजवळ मारामारी सुरू झाल्यावर एक बाई धावत त्याच्याकडे गेली आणि मदतीचं बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. वाटेतून बाजूला व्हा, असं यंत्र म्हणालं. मग ते गुणगुणत पुढे निघालं, आणि बाग स्वच्छ ठेवा असंही अधूनमधून सांगत राहिलं. पोलिसांना बोलवायला शेवटी फोनच करावा लागला. नंतर उघड झालं की त्या बटणाची हाक पोलीस ठाण्यात जातच नव्हती, कंपनीकडे जात होती.

अंगावर ‘पोलीस’ लिहिलेल्या वस्तूने मदत मागणाऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं, ही गोष्ट पाळतीच्या चर्चेपेक्षा मला जास्त गंभीर वाटते. पाळत निदान दिसत नाही. इथे लोकांना समोर दिसणारं वचन दिलं होतं आणि त्यामागे कुणी नव्हतं.

फेब्रुवारी २०२४ पर्यंत टाइम्स स्क्वेअरमधला के-५ गस्तीवरून उतरला होता, स्टेशनातल्याच एका रिकाम्या गाळ्यात उभा करून ठेवलेला. प्रायोगिक मुदत पूर्ण झाली, एवढंच पोलिसांनी सांगितलं. डिजिडॉग मात्र राहिले. त्यांना निदान काम होतं.

सॅन फ्रान्सिस्कोतलं एक वाक्य

न्यू यॉर्कचं प्रकरण नीट कळायला शेजारी दुसरं शहर ठेवून पाहावं लागतं. ७ जुलै २०१६ रोजी डलासमध्ये मोर्चाच्या बंदोबस्तावरच्या पाच पोलिसांना गोळ्या घालून मारणारा माणूस कॉलेजच्या इमारतीत दडून बसला. तासन्‌तास बोलणी चालली. मग पोलीस प्रमुख डेव्हिड ब्राऊन यांनी बॉम्बनाशक रोबोच्या हातावर सुमारे अर्धा किलो सी-४ स्फोटक ठेवून त्याला आत पाठवायला लावलं. अमेरिकेत पोलिसांनी रोबोकरवी माणूस मारल्याचा तो पहिला प्रसंग. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीने कुणावर ठपका ठेवला नाही. त्या रात्री दुसरा मार्ग होता की नाही यावर भांडता येईल, पण असं करता येतं की नाही, हे त्या रात्रीपर्यंत कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. करून झालं आणि मग चर्चा सुरू झाली. वरातीमागून घोडं.

कॅलिफोर्नियात २०२१ साली झालेल्या कायद्याने घोडं पुढे आणलं. पोलिसांकडे लष्करी स्वरूपाची जी साधनं आहेत त्यांची यादी आणि वापराचं धोरण निवडून आलेल्या सभागृहापुढे ठेवून मंजूर करून घ्यायचं, असं बंधन आलं. त्यानुसार २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को पोलिसांनी मसुदा दिला. त्यात १७ रोबो होते, पैकी १२ चालू स्थितीतले. सभागृहाचे सदस्य आरन पेस्किन यांनी मसुद्यात एक वाक्य घातलं: रोबोचा वापर कोणत्याही व्यक्तीवर बळ म्हणून करू नये. पोलिसांनी ते खोडलं आणि त्या जागी दुसरं लिहिलं. लोकांचा किंवा पोलिसांचा जीव जाण्याचा धोका तत्काळ असेल आणि इतर कोणत्याही उपायापेक्षा तो भारी असेल, तरच रोबो प्राणघातक बळाचा पर्याय म्हणून वापरला जाईल, असं. वाचायला संयमी. अर्थ मात्र खोडलेल्या वाक्याच्या बरोबर उलटा.

२९ नोव्हेंबर २०२२ रोजी सभागृहाने ते ८ विरुद्ध ३ मतांनी मान्य केलं. बंदूक बसवणार नाही, वेळ आलीच तर स्फोटक, असं पोलिसांनी समजावून सांगितलं. त्याने कुणाचं समाधान झालं नाही. सिटी हॉलबाहेर निदर्शनं झाली, विरोधात मत दिलेले तीन सदस्य त्यात उभे राहिले. होकार दिलेल्या काहींना आपल्या मतदारांची पत्रं वाचून पुनर्विचार करावासा वाटला. ६ डिसेंबरला, म्हणजे आठवड्यातच, सभागृहाने भूमिका फिरवली आणि प्राणघातक वापराची मुभा काढून ते कलम समितीकडे परत पाठवलं.

इथे विरोध करणाऱ्यांच्या हातात चित्रण नव्हतं, मसुदा होता. कुणाच्या दारात यंत्र उभं राहण्याआधीच त्यांना वाक्यावर बोट ठेवून हे नको म्हणता आलं, आणि नको म्हणण्याचा अधिकार असलेलं सभागृह ऐकायला बसलेलं होतं. पोलिसांचंही यात काही गेलं नाही. सतराच्या सतरा रोबो त्यांच्याकडेच राहिले, बॉम्ब तपासायला आणि बंद दाराआड डोकावायला.